बेसला हात लावू नका : अॅनाकोंडा नेव्हिगेटरविषयी वाचकांचे प्रश्न

शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टं सुरू झाली की माझ्याकडे येणारे प्रश्न एकाच साच्याचे होतात. पायथन येतं, प्रोग्रॅमही जमतो, पण पॅकेजं, म्हणजे पायथनला जोडायचे तयार प्रोग्रॅम, बसत नाहीत. बसली तर सापडत नाहीत, आणि सापडली तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत. पायथन आणि ही पॅकेजं एकत्र देणारा संच म्हणजे अॅनाकोंडा. त्यातला पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे कोंडा, आणि तेच काम बटणांनी करून देणारा नेव्हिगेटर. त्याविषयीचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली, गावं ठेवली.

प्रश्न (दर्यापूर) : अॅनाकोंडा टाकल्यावर पायथन वेगळं डाउनलोड करावं लागतं का?

नाही.

प्रश्न (धामणगाव रेल्वे) : लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा डेटा दीड जीबी. पूर्ण अॅनाकोंडा टाकू का?

टाकू नका. त्याचा इन्स्टॉलरच एक जीबीच्या घरात जातो आणि बसल्यावर ५ जीबीच्या आसपास जागा खातो. त्यातली निम्मी पॅकेजंही तुम्ही कधी उघडणार नाही. मिनिकोंडा, म्हणजे अॅनाकोंडाचं छोटं रूप, घ्या. त्याचा इन्स्टॉलर शंभर एमबीच्या आगेमागे असतो. त्यात नेव्हिगेटर नसतो, पण 'कोंडा इन्स्टॉल अॅनाकोंडा-नेव्हिगेटर' एवढी एक आज्ञा दिली की तो येतो. ४ जीबीवर तो उघडायला वेळ घेईल, तेव्हा आयकॉनवर पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. डाउनलोड मोठा असेल तर कॉलेजच्या नेटवर करा, लॅब-इनचार्जना विचारून.

डेस्कटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट. पॅकेज बसत असताना लाइट गेली आणि मशीन बंद पडलं, तर ते अर्धवट एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टच्या पायथन-पॅकेजांचा वेगळा कप्पा) दुरुस्त करत बसू नका. उडवा आणि नवं करा.

प्रश्न (पुसद) : एका क्लासवाल्यांनी 'अॅनाकोंडा लायसन्स फी' म्हणून वेगळे पैसे मागितले. खरंच लागतात का?

घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लागत नाहीत. पावती मागा, पावतीवर 'लायसन्स' असं लिहून मागा, मग ती फी लगेच 'इन्स्टॉलेशन चार्ज' होते की नाही बघा. कोंडा हे मूळ साधन मुक्त स्रोत आहे, नेव्हिगेटर कंपनीच्या साइटवरून फुकट मिळतो.

ही अफवा उठली त्याला कारण मात्र आहे. कंपनीने २०२० मध्ये अटी बदलल्या. दोनशेहून जास्त माणसांच्या संस्थेने कंपनीच्या 'डिफॉल्ट्स' चॅनेलवरची (चॅनेल म्हणजे पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) पॅकेजं वापरली तर पैसे भरावे लागतात. म्हणजे क्लासमधल्या पोट्ट्यांनी घाबरायचं कारण नाही, पण मोठ्या बँकेत किंवा कारखान्यात नोकरीला असलेल्यांनी ऑफिसच्या मशीनवर टाकण्याआधी आपल्या आयटी विभागाला विचारायलाच हवं. तिथे मिनिफोर्ज हा पर्याय असतो. तो कोंडा-फोर्ज या सामुदायिक चॅनेलवरून पॅकेजं आणतो. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून निर्णयाआधी मूळ अटी वाचा. माझ्या उत्तराच्या भरवशावर सही करू नका.

प्रश्न (आर्वी) : सर, म्या टेन्सरफ्लो टाकाले गेलो तं 'सॉल्व्हिंग' नुसतं फिरतच राह्यलं. मंग यूट्यूबवरच्या भाऊनं सांगतलं तसं बेसमदेच पिपनं टाकलं. आता नेव्हिगेटरच उघडत नाही. काय करू?

या प्रश्नाचीच वाट पाहत होतो. दर वर्षी येतो, फक्त पॅकेजचं नाव बदलतं. थोडं सविस्तर ऐका. टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचं जड पॅकेज, आणि पिप हे पायथनचं स्वतःचं पॅकेज बसवायचं साधन.

नेव्हिगेटर उघडल्यावर डाव्या बाजूला 'एन्व्हायर्नमेंट्स' आहे. तिथे पहिलंच नाव असतं 'बेस (रूट)'. कोंडा स्वतः याच बेसमध्ये राहतो आणि नेव्हिगेटरही तिथेच. दोघेही पायथनमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम आहेत आणि त्यांना स्वतःच्या कामासाठी ठरावीक पॅकेजं ठरावीक आवृत्तीत लागतात. खिडक्या आणि बटणं दाखवणारी क्यूटी ही लायब्ररी त्यातलीच एक. तुम्ही बेसमध्ये एखादं जड पॅकेज ढकललं की ते आपल्यासोबत वीस-पंचवीस भावंडं घेऊन येतं. त्यातल्या एखाद्याने नेव्हिगेटरला लागणारी आवृत्ती बदलली की संपलं. बेस म्हणजे पेरणीसाठी राखून ठेवलेली ज्वारी. भाकरीसाठी त्या पोत्यात हात घालायचा नसतो.

आता 'सॉल्व्हिंग' का फिरत राहिलं ते पाहू. पूर्ण अॅनाकोंडाच्या बेसमध्ये शेकडो पॅकेजं असतात आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या: अमुक नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) हवं, तमुक पायथन नको. नवीन पॅकेज टाकताना कोंडा या सगळ्या अटी एकाच वेळी जुळतात का ते तपासतो. गर्दी जितकी जास्त, तितका वेळ जास्त. शिवाय जुना कोंडा या कामात फारच संथ होता. २३.१० या आवृत्तीपासून त्यात 'लिबमांबा' नावाचं वेगवान यंत्र आपोआप येतं. तुमचा कोंडा त्याच्या आधीचा असेल तर वाट पाहण्यातच दुपार जाते, आणि त्या कंटाळ्यात माणूस यूट्यूबवरच्या भाऊचं ऐकतो. पिप मात्र बेसमधल्या कोंडाच्या सगळ्या अटी कोंडासारख्या तपासत नाही, तो आपलं पॅकेज बसवून मोकळा होतो. म्हणून भाऊचा उपाय व्हिडिओत झटपट दिसतो. त्याचा नेव्हिगेटर दुसऱ्या दिवशी उघडला की नाही, हे व्हिडिओत नसतं.

तुम्ही करायचं ते असं. खाली 'क्रिएट' बटण आहे, ते दाबा. प्रोजेक्टचं नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा. पायथनची आवृत्ती निवडा, आणि ती सगळ्यात नवीनच हवी असा हट्ट धरू नका. तुमचं मुख्य पॅकेज कोणत्या पायथनवर चालतं ते आधी त्याच्या अधिकृत पानावर पाहा. एन्व्हायर्नमेंट तयार झालं की उजवीकडच्या यादीत वर 'नॉट इन्स्टॉल्ड' निवडा, पॅकेज शोधा, टिक करा, 'अप्लाय' दाबा. आता एक छोटी खिडकी येते, त्यात कोणकोणती पॅकेजं बसणार किंवा बदलणार याची यादी असते. ती वाचा! कोणीच वाचत नाही. एखादं पॅकेज खालच्या आवृत्तीवर जाणार असेल तर ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि तिथे 'कॅन्सल' दाबायला पैसे पडत नाहीत.

आर्वीच्या मित्राने आता काय करायचं? कोंडा प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवतो आणि जुन्या क्रमांकावर परत जाता येतं. पण पिपने केलेले बदल त्या मार्गाने नीट उलटतील याची हमी नाही. म्हणून हे एकट्याने करू नका, जाणकार माणूस शेजारी बसवा. नाहीच जमलं तर आधी आपल्या नोटबुक (प्रोग्रॅमच्या) फाइली पेन ड्राइव्हवर घ्या, मग अॅनाकोंडा काढून नव्याने टाका. फाइली आधी, हे विसरू नका.

आणि टेन्सरफ्लोसाठी 'एआय लॅपटॉप' म्हणून ग्राफिक कार्डवाला महागडा लॅपटॉप गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांबद्दल : टेन्सरफ्लोने २.१० या आवृत्तीनंतर विंडोजवर थेट ग्राफिक कार्ड वापरणं बंद केलं आहे. त्यासाठी विंडोजच्या आत लिनक्स चालवावं लागतं. दुकानात हे कोणी सांगत नाही. बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला बहुतेक वेळा कार्ड लागतच नाही. घेण्याआधी गाईडना विचारा.

प्रश्न (मोर्शी) : पांडाज 'इन्स्टॉल्ड' दिसतं, पण ज्युपिटर नोटबुक म्हणतं असं मॉड्यूलच नाही.

पांडाज हे पॅकेज एका एन्व्हायर्नमेंटमध्ये आणि ज्युपिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साधन, दुसऱ्यात. 'होम'वर वरच्या पट्टीत एन्व्हायर्नमेंटचं नाव असतं, तिथे बहुधा बेस निवडलेलं असेल. आपलं निवडा. त्यात ज्युपिटरखाली 'लाँच'ऐवजी 'इन्स्टॉल' दिसेल. ते करा, मग तिथूनच उघडा.

प्रश्न (मेहकर) : 'एसकेलर्न' आणि 'सीव्ही२' यादीत शोधून सापडत नाहीत. पिपने टाकू?

थांबा. प्रोग्रॅममध्ये लिहायचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. एसकेलर्नचं पॅकेज 'सायकिट-लर्न', सीव्ही२ चं 'ओपनसीव्ही', पीआयएलचं 'पिलो'. या नावांनी शोधा. तरी न दिसल्यास 'अपडेट इंडेक्स' दाबा, त्यानंतर 'चॅनेल्स' मध्ये जाऊन कोंडा-फोर्ज जोडा. एवढं करून पॅकेज नाहीच मिळालं, तर पिप. तेही आपल्या एन्व्हायर्नमेंटच्या नावापुढच्या बाणावर क्लिक करून, तिथून उघडलेल्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत). कोंडाची सगळी पॅकेजं आधी बसवा, पिप शेवटी. पिपनंतर पुन्हा कोंडाने काही टाकायची वेळ आली तर नवं एन्व्हायर्नमेंट करणं बरं.

नाव अंदाजाने टाइप करू नका. पिप ज्या भांडारातून पॅकेजं आणतं तिथे कोणालाही पॅकेज चढवता येतं. प्रसिद्ध नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून पासवर्ड चोरणारी पॅकेजं तिथे ठेवल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवण्याआधी सरांना दाखवा.

प्रश्न (आरमोरी) : लॅपटॉप दुकानातूनच चालू करून दिला. यूजरच्या जागी दुकानाचं नाव आहे, मराठीत, मध्ये जागा सोडून. इन्स्टॉलर इशारा देतो.

इशारा बरोबर आहे. मार्गात (फोल्डरांच्या पत्त्यात) रिकामी जागा किंवा इंग्रजीबाहेरची अक्षरं असली की काही पॅकेजं अडतात. यूजरचं फोल्डर स्वतः नाव बदलून 'सुधारायला' जाऊ नका, त्याने विंडोजच बिघडेल. इन्स्टॉल करताना सी ड्राइव्हवर थेट एक छोटं इंग्रजी नावाचं फोल्डर निवडा. तरी अडचण आली तर नवा यूजर करावा लागेल. तो दुकानदाराकडूनच करून घ्या, फुकट.

प्रश्न (देवळी) : सी ड्राइव्ह लाल झाला. अॅनाकोंडातलं 'पीकेजीएस' फोल्डर सर्वांत मोठं दिसतं. उडवू का?

हाताने उडवू नका. कोंडा पॅकेजची फाइल एकदाच ठेवतो आणि शक्य असेल तिथे एन्व्हायर्नमेंटमध्ये तिचा फक्त दुवा देतो. त्यामुळे फोल्डरांचे आकार दुहेरी मोजले जातात, दिसते तितकी जागा गेलेली नसते. न लागणारी एन्व्हायर्नमेंट्स 'रिमूव्ह' करा, नंतर 'कोंडा क्लीन' ची आज्ञा द्या. आज्ञा काय काढणार आहे ते ती आधी विचारते. समजलं नाही तर 'नाही' म्हणा.

प्रश्न (घाटंजी) : शाळेच्या लॅबमध्ये विंडोज ७, ३२ बिटची मशीनं आहेत. जमेल?

नवं काहीच नाही. पायथन ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर चालत नाही. जुनं शोधून कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका. मशीनं बदलण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोला.

प्रश्न (वणी) : घरच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालतं. एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर पेन ड्राइव्हने कॉलेजच्या मशीनवर टाकलं, तर चालत नाही. तिथे नेट नाही. सोमवारी एक्सटर्नल आहेत.

आणि प्रश्न शुक्रवारी आला.

फोल्डर उचलून चालणार नाही. आतल्या फाइलींमध्ये तुमच्या घरच्या मशीनचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. रीतसर मार्ग असा : नेव्हिगेटरमध्ये एन्व्हायर्नमेंट निवडून 'बॅकअप' घ्या, एक छोटी वायएएमएल फाइल मिळते, ती दुसरीकडे 'इम्पोर्ट' करा. पण त्या फाइलीत पॅकेजं नसतात, फक्त त्यांची यादी असते. इम्पोर्ट करताना पॅकेजं नेटवरूनच येतात. नेट नसेल तर 'कोंडा-पॅक' नावाचं साधन सगळं एन्व्हायर्नमेंट एका गाठोड्यात बांधून देतं. ते दोन्हीकडे एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तरच कामी येतं, विंडोजवर बांधलेलं लिनक्सवर सुटत नाही. पहिल्यांदा करणार असाल तर शनिवारी लॅबमध्ये जाऊन लॅब-इनचार्जसमोर करा. त्याहून सोपं म्हणजे आजच फोन करून घरचा लॅपटॉप परीक्षेला आणायची परवानगी मागा.

याच वाचकाचा दुसरा प्रश्न : नेव्हिगेटर उघडला की अपडेट करू का विचारतो. 'येस' दाबू?

सोमवारपर्यंत 'नो'.