घरात रांगतं मूल आणि मांजर आहे. हॉलसाठी स्टँड लॅम्प घ्यावा की छताचे दिवे? उजेड पिवळा बरा की पांढरा?

स्टँड लॅम्प घेऊ नका. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तरी जमिनीवर उभा राहणारा एकही दिवा घरात नको. रंगाचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलंय की लॅम्प जड बुडाचा आहे आणि तुमचं मुलांवर लक्ष असतं. हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. माझंही लक्ष होतं.

आमची लेक अकरा महिन्यांची होती, धरून उभं राहायला नुकतीच शिकली होती. नणंदेने घर बघायला आल्यावर हौसेने स्टँड लॅम्प भेट दिला होता. साडेपाच फूट उंच, बारीक दांडा, खाली गोल लोखंडी थाळी, वर काचेचा वाडगा आणि त्यात हॅलोजन. दिसायला सुंदर, हे मी आजही म्हणेन. एका संध्याकाळी मी सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होते आणि लेक चार पावलांवर गोधडीवर खेळत होती. बोका भिंतीवरच्या सावल्यांमागे पळत होता. वाडग्यातून उजेड वर जायचा आणि पंखा फिरला की भिंतीवर सावली हलायची. ती हलली की त्याला राहवायचं नाही. तो लॅम्पच्या मागच्या वायरीत शिरला आणि त्याच क्षणी लेकीने उभं राहायला दांडा धरला.

मी उठले, धावले, तरी पोचले नाही. काचेचा वाडगा सोफ्याच्या हातावर आपटून फुटला आणि हॅलोजनची नळी गोधडीवर पडली. प्लग बोर्डात तसाच होता, दिवा चालूच होता. आधी प्लग ओढायचा की पोर उचलायची, हे ठरवायलाही वेळ नव्हता. पोर उचलली, मग पायाने वायर ओढली. तोवर गोधडी जळाल्याचा वास आला होता. दोन बोटं जातील एवढं भोक पडलं. लेकीच्या कपाळाला टेंगूळ आलं. बोक्याच्या पंजात काच घुसली होती आणि तो दोन दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही.

रात्री नणंदेचा फोन आला. पहिला प्रश्न, ‘‘लक्ष कुठं होतं तुझं?’’

सहा वर्षं झाली, ते वाक्य विसरले नाही. माझं लक्ष तिथंच होतं. पण उंच दांड्याला खाली अरुंद बूड असलं की दोन फूट उंचीवर मुलाने दिलेला झटकाही पुरतो, आणि तो पडतो चार पावलं टाकून होण्याच्या आत. हॅलोजनचं कामच असं आहे की आतली प्रक्रिया नीट चालायला नळीची काच २५० अंश सेल्सिअसच्या वर तापावी लागते. ती कापसाला टेकली तर जळणारच. यात आईच्या लक्षाचा काय संबंध? वस्तूच चुकीची होती. ज्या घरात एक जण चार पायांवर आणि दुसरा रांगत असतो, तिथे ‘लक्ष ठेवा’ हा उपाय नाही. दुकानात लॅम्प घ्यायचाच झाला तर दोन फुटांच्या उंचीवर एका बोटाने ओढून बघा. डुलला की परत ठेवा.

नणंदेचं दुसरं म्हणणंही इथेच सांगते, कारण तुम्हालाही कोणीतरी सांगेलच. रात्री बारीक दिवा लावून झोपवलं तर मुलांना चष्मा लागतो. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये तसा संबंध दाखवला होता, हे खरं. पण २००० साली त्याच नियतकालिकात इतरांनी हाच प्रश्न तपासला, तेव्हा तो संबंध सापडला नाही. ज्या आईबापांना स्वतःला लांबचं कमी दिसतं ते मुलांच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात, आणि चष्मा मुलांकडे बरेचदा आईबापांकडून येतो, असं त्यातून पुढे आलं. आमच्या लेकीच्या बाबांना शाळेपासून चष्मा आहे. तेव्हा बारीक दिवा निर्धास्त लावा, फक्त तो पिवळा-तांबूस असू द्या आणि मुलाच्या डोळ्यांसमोर नको.

आता तुमचा प्रश्न. हॉल आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी लावा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं). ६५०० चा निळसर पांढरा संध्याकाळनंतर मुलांच्या खोलीत नको. लहान मुलांच्या डोळ्यांतली भिंगं जास्त स्वच्छ असतात, उजेड आत जास्त जातो आणि झोप लांबते. छतातला डाउनलाइट पाळण्याच्या बरोबर वर घेऊ नका. मूल उताणं झोपतं आणि थेट त्यात बघतं, हे दिव्यांची जागा ठरवणाऱ्याच्या डोक्यात येतच नाही. उजेड भिंतीवर किंवा छतावर पडू दे, काच नको, पॉलीकार्बोनेट (टणक प्लास्टिक) किंवा कापडाची शेड चालेल. दिवा लुकलुकतो का, हे फोनच्या स्लो मोशनमध्ये बघा. पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलका आहे. कुत्र्यांना अशी लुकलुक आपल्यापेक्षा जास्त जाणवते. हालचाल झाली की लागणारा सेन्सरचा दिवा मांजर रात्रभर पेटवत राहील. सेन्सरवरच्या भिंगाच्या खालच्या भागावर अपारदर्शक टेप लावून बघा.

रिमोटवाले दिवे आणि शोभेच्या माळा यांच्यात जे नाण्यासारखे सेल असतात, त्यांची मला लॅम्पपेक्षाही जास्त भीती वाटते. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. झाकण स्क्रूचं नसेल तर ती वस्तू घरात आणू नका. मूल सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा. मांजर-कुत्र्याचंही तेच, लगेच पशुवैद्य.

थोडं मागे येते. वायर चावणारं कुत्र्याचं पिल्लू किंवा ससा असेल तर छताच्या दिव्यांनीही भागत नाही, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवीच. ती वायरमनकडून बसवून घ्या आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबा. प्राणी म्हातारा असेल तर रात्री अंधार ठेवू नका, त्याला कमी दिसत असेल तर तो बिचकतो. आणि ‘एकही दिवा नको’ असं मी म्हटलं, पण भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, हे कळतं. मग लॅम्प सोफ्यामागे भिंतीला चिकटवून उभा करा, दांडा सोफ्याच्या पायाला आणि पाठीला अशा दोन ठिकाणी पट्ट्याने बांधा, वायर सोफ्यामागून न्या आणि हॅलोजन काढून एलईडी घाला. बांधून झालं की पुन्हा दोन फुटांवर ओढून बघा.