एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात तो आजार) रुग्णाची नाडी मनगटावर मोजावी की छातीवर?

दोन्हीकडे, एकाच वेळी, पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, कारण लयच अनियमित असते. एका नर्सने स्टेथोस्कोप डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यापासून सरळ खाली ठेवायचा. दुसरीने मनगट धरायचं. घड्याळ एकच. छातीवर ११८ आणि मनगटावर ९४ आले, तर पल्स डेफिसिट, म्हणजे दोन्हींतला फरक, २४. ते २४ ठोके हृदय पुरेसं भरण्याआधीच पडले, म्हणून त्यांची लाट हातापर्यंत पोचली नाही. ऑक्सिमीटरही बोटावरच मोजतो, त्यामुळे तोही फसतो. मात्र रुग्णाला घाम फुटलाय, छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय किंवा वरचं बीपी ९०च्या खाली आहे, तर मोजत बसू नका. आधी डॉक्टरांना बोलवा, मॉनिटर लावा.