ऑनलाइन अपॉइंटमेंटच्या आधी दारावरची वही

ताई, तुमचा प्रश्न असा : उपजिल्हा रुग्णालयात हाडांचे डॉक्टर फक्त मंगळवारी बसतात, पहाटेपासून रांग लागते, प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी घेऊन आलेले तसेच परत जातात, तर ऑनलाइन अपॉइंटमेंट सुरू करावी का? करा, पण सगळ्यात शेवटी.

आधी एक मंगळवार दाराशी वही घेऊन बसा. आत जाणाऱ्या प्रत्येकापुढे लिहा : नवा, जुना, रिपोर्ट, ओळखीचा. बहुतेक वेळा नंबर मोडतात ते ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय, दोन मिनिटं’वालेच. त्यांचा तरी काय दोष? एक्सरेला आपणच पाठवलं आणि परत कधी आत यायचं ते सांगितलंच नाही. आमच्याकडे दर तासाची शेवटची 10 मिनिटं रिपोर्टची ठरवली, दारावरच्या मामांची निम्मी भांडणं तिथेच मिटली.

मग हिशेब मांडा. साडेनऊ ते एक म्हणजे 210 मिनिटं. त्यातली 30 रिपोर्टची. नव्याला 8, जुन्याला 4 धरली तर 10 नवे आणि 15 जुने मिळून 140. उरलेली 40 मोकळी ठेवा, न सांगता येणारे असतातच. डॉक्टर राऊंड उरकून दहाला बसत असतील तर वेळा दहापासूनच द्या, कागदावर साडेनऊ लिहून लोकांना ताटकळवू नका. बेली आणि वेल्च या संशोधकांनी 1952 सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलंय : पहिल्या वेळेला दोघांना बोलवा, पुढे सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला. डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि बाहेर गर्दीही होत नाही.

‘पण येतात तर याच्या दुप्पट!’ म्हणाल. त्यातले कितीतरी जुने फक्त गोळ्या लिहून घ्यायला येतात. त्यांना उलट चिठ्ठी द्या : औषध अमुक, इतके महिने, गावच्या केंद्रातच घ्यावं, अमुक झालं तरच परत यावं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते करत नाही, पण नव्यांना जागा होते ती इथूनच.

आता येणारी चिठ्ठी. ‘पुढील उपचारासाठी रेफर’ एवढंच लिहिलं असेल तर ती असून नसल्यासारखी. त्रास कधीपासून, काय तपासलं, काय दिलं आणि किती दिवसांत बघायला हवं, एवढं तरी हवंच. शेवटच्या मुद्द्यावर सगळा न्याय-अन्याय ठरतो. पडून हात सुजलाय आणि बोटं बधिर आहेत, तर मंगळवार कसला, थेट कॅज्युअल्टी. गुडघा दोन वर्षं दुखतोय, त्याला पुढच्या महिन्याची तारीख चालेल. नवजात बाळाचा वाकडा पाय मात्र फसवतो. बाळ रडत नाही, आईबापही घाई करत नाहीत, पण प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालेलं बरं. त्याला येता मंगळवारच द्या. नव्यांतले निम्मे नंबर चिठ्ठीवाल्यांसाठी राखा. केंद्रातून आदल्या दिवशी फोन यावा आणि पेशंट घरून निघतानाच वेळ घेऊन निघावा. नुसता सल्ला हवा असेल तर केंद्रातले डॉक्टर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर विचारू शकतात, पेशंटची खेप वाचते.

ओळखीचे थांबणार नाहीत. बंदी घालायच्या फंदात पडू नका. मध्येच आत सोडलेल्या प्रत्येकापुढे ‘कुणी सांगितलं’ ते नाव लिहा आणि वही आठवड्याला अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा. नाव लिहिलं जातंय म्हटल्यावर फोन आपोआप कमी होतात.

राहिलं ऑनलाइन. आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, त्याच्या ॲपने रुग्णालयातला क्यूआर स्कॅन करून टोकन घेता येतं, त्याने केस पेपरच्या खिडकीवरची रांग कमी होते, डॉक्टरांच्या दारातली नाही. निम्म्याहून जास्त नंबर ऑनलाइनला सोडू नका, फोन नसलेल्या आजींनी जायचं कुठे? वेळ देताना गाव विचारा. ज्या गावची पहिली एसटी साडेदहाला पोचते, तिथल्या माणसाला अकराच्या आधीचा नंबर देऊन काय उपयोग?