बंधाऱ्याची वर्गणी भरावी की प्लॉट विकावा?

ठाण्यातल्या चरईत राहणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका वाचकांचं हे पत्र. शहापूर तालुक्यात त्यांचा फार्महाउसचा प्लॉट आहे. तिथला मातीचा बंधारा 18 प्लॉटधारकांच्या सामाईक मालकीचा. उंची नऊ मीटर, वय पस्तीस, बांधला नौकाविहारासाठी. पायथ्याशी पाझर वाढला आहे. कंत्राटदाराने 54 लाख सांगितले, म्हणजे प्रत्येकी 3 लाख. मुदत ठेव मोडावी, की प्लॉट विकून मोकळं व्हावं?

तूर्त दोन्ही नको. तुमच्या ठेवी पाहता 3 लाख झेपतील, पण सोबत पाठवलेलं कोटेशन मी वाचलं. गाळ काढणं आहे, धक्क्याला नवी फरशी आहे; सांडव्याबद्दल, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेबद्दल, एक ओळ नाही! मातीची धरणं मुख्यतः दोन प्रकारे जातात. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून वाहतं, नाहीतर पाझराबरोबर आतली माती निघत जाते. पाझर नितळ असेल तर नजर ठेवायची, गढूळ झाला तर त्याच दिवशी पाणी उतरवायला घ्यायचं. भरावावर वाढलेल्या झाडांची मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेव्हा गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या.

म्हणून पहिला खर्च धरणाच्या कामाचा अनुभव असलेल्या, कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याच्या पाहणीचा. तोवर पाणी पातळी खाली ठेवा. त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

दहा मीटरखालचा बंधारा 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात येत नाही, हे तुमच्या सचिवांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यामुळे जबाबदारी टळत नाही. साठवलेलं पाणी निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही मालकाला भरपाई द्यावी लागू शकते. हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1868 साली एका खासगी जलाशयाच्याच खटल्यात पक्कं झालं आणि आपली न्यायालयंही ते मानतात. खाली वस्ती आहे, असं तुम्हीच लिहिता. तेव्हा मालकी सोसायटीची की सातबाऱ्यावर 18 नावांची, हे वकिलाला दाखवा. नावं वैयक्तिक असतील तर दावा तुमच्या ठेवींपर्यंत येऊ शकतो. सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो का, तेही विचारा. विमा कंपनी पाहणी अहवाल मागेलच.

विकायचंच ठरलं तर पाझर लपवू नका. ग्राहक भाव पाडेल, पण पुढे फसवणुकीचा दावा त्याहून महाग पडेल.

आणि सभेत एक प्रश्न नक्की मांडा: बोटिंग करतं कोण? तुमच्याच पत्राप्रमाणे नातवंडं चार वर्षांत फिरकलेली नाहीत. अभियंत्याच्या देखरेखीखाली बांध कापून तलाव कायमचा रिकामा करणं हाही एक पर्याय आहे. माझं मत त्याच बाजूचं आहे. दुरुस्ती केली तरी दरवर्षीची देखभाल राहतेच, आणि तुमच्या पेन्शनमध्ये तिची तरतूद नाही. बहुमत दुरुस्तीकडे गेलं, तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या आणि हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणेच द्या. पहिला टप्पा सांडव्याचा, फरशी शेवटी.