गुळाच्या बॉक्सवर कोणता फॉन्ट?

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. एक किलोच्या गुळाच्या बॉक्ससाठी आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानाच्या बोर्डासाठी मुलानं इंग्रजी नाव ‘अमेरिकन टाइपरायटर’ फॉन्टमध्ये केलंय. बॉक्सवाले म्हणतात, साधा फॉन्ट घ्या. कुणाचं ऐकू? आणि मराठी नाव कशात करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाचं ऐका, पण नावापुरतंच.

अक्षरांना जाडजूड, पट्टीसारखे पाय असले की त्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जाहिरातवाल्यांनी ती गाजवली. 1845 चा ‘क्लॅरेंडन’ त्यातलाच. तुमच्या मुलाचा फॉन्ट 1974 चा, जोएल केडन आणि टोनी स्टॅन यांचा. यात पाय जाडच, पण टोकं गोलवलेली. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, म्हणून ‘आय’च्या दोन्ही बाजूंना भोकं पडल्यासारखं दिसतं. इथं ‘आय’ अरुंद आणि ‘एम’ रुंद, त्यामुळं नाव सलग वाचता येतं. डिझायनर मिल्टन ग्लेझरचं न्यूयॉर्कचं लाल बदामवालं चिन्ह याच अक्षरांतलं. गुळाला हा शोभतो. गुजरीतल्या सराफानं विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

बॉक्सवाल्यांचंही अगदी चूक नाही. कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याच्या बॉक्सवर छपाईची प्लेट दाबली की शाई कडेनं बाहेर सरकते. बारीक, अणकुचीदार टोकांचा तिथं चिखल होतो. या फॉन्टची टोकं आधीच गोल, त्यामुळं बिघडायला फारसं काही नाही. पण फॉन्टचा ‘लाइट’, म्हणजे बारीक प्रकार घेऊ नका, मीडियम किंवा बोल्ड (जाड) घ्या. बोल्ड लहान केला की इंग्रजी ‘ई’ आणि ‘ए’ची पोटं शाईनं भरतात, म्हणून वजन, घटक, एफएसएसएआय (अन्न परवाना) नंबर हे सगळं साध्या फॉन्टमध्येच. इथं बॉक्सवाल्यांचं ऐका.

बोर्डाची अ‍ॅक्रिलिक अक्षरं राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणाऱ्या मशीनवर, कापून घेणार असाल तर उत्तम. राउटरचं पातं (बिट) गोल, आतले कोपरे ते गोलच सोडतं. टोकदार फॉन्टमध्ये ते डोळ्यांत खुपतं, यात खपून जातं.

आता मराठी. देवनागरीला पाय चिकटवायला जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. ‘गु’च्या दांड्याखाली ठोकळा लावलेला बोर्ड मी पाहिलाय. उकार तिथूनच निघतो, मग उकार कुठला आणि ठोकळा कुठला तेच कळेना. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ घ्या. गुबगुबीत आहे, फुकट आहे. दांड्याची जाडी इंग्रजी अक्षरांच्या उभ्या रेषेशी जुळेल असा त्यातला प्रकार निवडा. बोर्डावर मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान चालत नाही. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून हा नियम छोट्या दुकानांनाही आहे. मी तर मराठी नाव वर आणि मोठंच करा म्हणेन.

आणि फाइल कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून. नाहीतर बॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल आणि त्या जागी एरियल येऊन बसेल.