कोरे दिवस

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराजवळच्या, पाण्याच्या खारेपणाच्या तुझ्या नोंदींत पावसाळ्यातले तेवीस दिवस कोरे राहिले आहेत. तेथे मागच्यापुढच्या आकड्यांची सरासरी भरली की प्रतिमान नेटके जुळते आणि प्रबंधही वेळेत जातो, मग यात गैर काय, असे तू विचारलेस. गैर एवढेच की खाजन, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत, काळानुसार कसे बदलते ते पाहायला निघालीस आणि काळच खोडायला बसलीस. कोरे दिवस कोरेच ठेव.

हे मी अधिकाराने लिहीत नाही. माझ्या प्रबंधातले जुलैचे दोन आठवडे मीही असेच भरले होते. घरात आजारपण होते, फेरीबोट बंद होती, कारणे सगळी खरीच. आलेख देखणा निघाला. पुढे कित्येक वर्षांनी त्या मानशीची पावणी, म्हणजे तिथल्या मासेमारीचा लिलाव, घेणारे एक वृद्ध गृहस्थ सहज बोलून गेले की नेमक्या त्याच पंधरवड्यात ओंडका अडकून मानशीचे दार मिटेना, मांडवी नदीचे पाणी शेतात शिरून उभे राहिले, आणि त्या कोपऱ्यात पुन्हा खारे पाणी सोसणारा कोरगुट भातसुद्धा धरला नाही. शेत खारफुटीकडे वळले तो क्षण मी स्वतःच्या हाताने सरासरीत बुडवला होता.

ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार नदीकडे उघडते, भरतीला नदीच्या रेट्याने मिटते, हे तुला मी काय सांगावे! पण वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली ही घडी एकदा विस्कटली आणि तिवरे रुजली की नुसता बांध सांधून भात परत येत नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६१ मध्ये हवामानाचे गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला, तर पुढचे सगळे हवामानच निराळे निघाले. तिथे तीन अंक गळले होते. तू तेवीस दिवस बुजवतेस?

माझे शोधनिबंध मोजकेच, हे तुझ्या कानावर आले असेलच. सहकारी मला हेकट म्हणत, म्हणोत बापडे. त्या चुकीनंतरच्या माझ्या वह्यांत एकही आकडा मनाने घातलेला नाही, आणि कोऱ्या जागा पुष्कळ आहेत.

तेव्हा कोरे ते कोरेच. मानशीवरच्या माणसाला त्या दिवसांबद्दल अवश्य विचार, मात्र तो सांगेल ते आकड्यांच्या रकान्यात न घालता शेऱ्यात लिही. प्रबंध सहा महिने लांबला तर लांबू दे. परवा अमावास्या आहे, उधाण येईल. भरतीच्या आधी तू तिथे पोहोचलेली असावीस, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ने.

तुझा,
सर