आधी घर मुलाच्या नावावर, मग वृद्धाश्रमात?

प्रश्न: मी 72 वर्षांची, सांगलीच्या गावभागात एकटी राहते. घर माझ्या नावावर आहे. 2019 च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हापासून वर राहते; आता गुडघ्यांना जिना झेपत नाही. मिरजेजवळच्या वृद्धाश्रमात जायचं मीच ठरवलंय. सुरुवातीला 3 लाख आणि महिन्याला 14 हजार मागतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, "घर माझ्या नावावर कर, महिन्याचे पैसे मी भरतो." करू का?

उत्तर: काकू, आश्रमात खुशाल जा, बक्षीसपत्राला (हयातीतच घर मोबदला न घेता मुलाच्या नावावर करून देणाऱ्या दस्ताला) मात्र थांबा. मुलाच्या मनात काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. पण बक्षीसपत्र नोंदवून दिलं की घर तुमचं राहत नाही, आणि नंतर मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. घर त्यालाच द्यायचंय ना? मग दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. हयातीत ते कितीदाही बदलता येतं.

तो बक्षीसपत्रावरच अडून बसला, तर "लिहून घेणार यांनी आईच्या राहण्याचा, जेवणखाणाचा व औषधपाण्याचा खर्च तहहयात करावयाचा आहे" ही अट दस्तातच हवी. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 या अटीवर उभं आहे. मुलाने अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडे (तुमच्यासाठी मिरजेचे प्रांत) दस्त रद्द करून मागता येतो. अशी अट दाखवता आली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये हेच कलम ज्येष्ठांच्या बाजूने सढळपणे वाचलं. पण त्या वादात तुम्ही कशाला अडकता? तयार मसुदे बहुधा "प्रेमापोटी व आपुलकीपोटी" एवढ्यावरच थांबतात. तसल्या कागदावर सही नको.

आता आकडा बघा. मुलाने पैसे थांबवले तर प्रांतांकडे निर्वाहखर्चाचा अर्ज करता येतो, पण त्यात महिन्याला 10 हजारांच्या वर मिळत नाहीत. कायदा झाला तेव्हापासून मर्यादा तीच. आश्रमाचे 14. वरचे चार कुठून आणणार? म्हणून घर हातात ठेवून भाड्याने द्या, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून. आश्रमाचे पैसे आधी भाड्यातून जाऊ देत. मुलाने कमी पडतील तेवढे घालावेत.

ते 3 लाख तुमच्याच खात्यातून, चेकने द्या. पावतीवर शब्द "अनामत" आहे की "देणगी", हे चष्मा लावून बघा. देणगी लिहिलं असेल तर ते पैसे परत मिळणं अवघड. अंथरुणाला खिळलात तर ठेवून घेतात की "घरी न्या" म्हणतात, हेही लेखी घ्या. घरी न्या म्हणाले, तर घर लागेल.

भाडेकराराच्या वेळी एक खोली करारातून वगळून कुलूप लावून ठेवा. खालचीच, जिना नको. आश्रमाचं पाणी मानवलं नाही, तर पहिल्या दोन महिन्यांतच कळेल.